खान्देशात राहून ध्यान शिकवायला कसं शिकायचं, विज्ञान आणि सामाजिक न्यायासकट

हल्ली बरेच जण विचारतात की ताई मेडिटेशन टीचर व्हायचंय, कोणता कोर्स करू, किती दिवसांचा असतो, सर्टिफिकेट मिळतं का. विचारणारे कोण तर झेडपीचे मास्तर, नर्स, आशाताई, बीएसडब्ल्यू केलेली पोरं, एखादी योगा क्लास घेणारी. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. लांब होईल, चहा घेऊन बसा.

सर्टिफिकेटचं आधी उरकून टाकू. आपल्या देशात ध्यान शिकवायला सरकारी लायसन वगैरे काही लागत नाही. योगासाठी आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत, त्या द्यायच्या तर द्या, शाळा-कॉलेजात काम मिळवायला उपयोग होतो. पण ती परीक्षा पास झालात म्हणजे तुम्ही मानसोपचार करायला मोकळे झालात असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं आणि तो रस्ताच वेगळा आहे. राहिले ते इन्स्टावरचे दोन दिवसात 'सर्टिफाइड मास्टर' करून देणारे, त्यांना पैसे द्यायचे तर द्या, माझं मत विचाराल तर त्या पैशात चांगली सायकल येते.

कोर्स निवडताना त्या लोकांना चार प्रश्न विचारा. आम्ही स्वतः किती काळ साधना केलेली असायला पाहिजे? आम्ही शिकवताना कुणी बघणार आहे का, चुका सांगणार आहे का? ध्यानामुळे कुणाला त्रास झाला तर काय करायचं हे शिकवता का? आणि ज्याच्याकडं फी नाही त्याचं काय? या चारातल्या तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला आणि 'ध्यानाने कधी त्रास होतच नाही' म्हणाला की फोन ठेवून द्या.

शिक्षकात नेमकं काय बघायचं याचा एक बरा आराखडा ब्रिटनमधल्या बँगर, एक्झिटर आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांच्या लोकांनी 2012 मध्ये तयार केला, त्यात सहा गोष्टी तपासतात. वेळ आणि विषय कसा सांभाळता, माणसांशी कसे वागता, जे शिकवता ते तुमच्या वागण्यात दिसतं का, सूचना कशा देता, नंतरच्या गप्पांमधून मुद्दा कसा उलगडता आणि ग्रुप कसा धरून ठेवता. बघा, डोळे मिटून सूचना देणं हा त्यातला सहावा हिस्सा आहे फक्त. आपल्याकडं सगळा जोर त्याच्यावरच, मागं बासरी लावायची आणि आवाज खाली आणायचा की झालं.

आता स्वतःची साधना. याला शॉर्टकट नाही, निदान दोनेक वर्षं रोजचं बसणं झाल्याशिवाय दुसऱ्याला बसवायला जाऊ नका असं मी म्हणते, कुणी जास्त म्हणेल कुणी कमी. खान्देशातून सगळ्यात सोपं म्हणजे इगतपुरी, भुसावळ-जळगाव-चाळीसगाववरून थेट गाडी आहे. तिथलं धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र 1976 पासूनचं. ते सुरू करणारे सत्यनारायण गोयंका गुरुजी मूळ म्यानमारच्या मंडालेचे, तिथले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं शिकले आणि 1969 ला भारतात येऊन शिकवायला लागले. दहा दिवसांचं शिबिर, जवळपास सगळं मौनात, पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, पहिले तीन दिवस फक्त श्वास. फी नाही, जेवण-राहणं सगळं आधीच्या साधकांच्या दानातून, त्यामुळं खिशात काही नसलेल्या माणसाला पण जाता येतं आणि ही मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पण एक ध्यानात ठेवा, दहा दिवस करून आलात म्हणून गावात येऊन विपश्यनेचा क्लास काढता येत नाही. त्या परंपरेत शिकवणारे नेमले जातात, वर्षानुवर्षं सेवा केल्यावर, आणि त्यांना पगार नसतो. त्यांची पद्धत त्यांच्या नियमानं चालते, तिचा मान ठेवा.

दुसरा रस्ता एमबीएसआरचा, म्हणजे माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, आत्ता जे चाललंय तिकडं लक्ष ठेवून (हेच माइंडफुलनेस) ताण कमी करायचा कोर्स. जॉन कबात-झिन या माणसानं 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये हा सुरू केला, तिथं येणारे पेशंट म्हणजे जुनाट दुखणी असलेले, ज्यांच्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले होते असे. आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तासांच्या आसपास एक सेशन, मधे एक पूर्ण दिवस, आणि घरी रोज पाऊण तास. धर्माचं नाव काढलेलं, त्यामुळं दवाखान्यात-शाळेत चालतं, आणि बरंचसं संशोधन याच्यावर झालंय कारण कोर्स ठरलेला आहे, मोजता येतो. शिक्षक व्हायचं तर आधी स्वतः विद्यार्थी म्हणून आठ आठवडे, मग मौन शिबिरं, मग ट्रेनिंग, मग कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकवणं असा क्रम आहे. ऑनलाइन होतं, पण महाग आहे, सवलत मागायला लाजू नका.

आता विज्ञान. इथं बऱ्याच जणांची गाडी अडते कारण 'सायन्सनं सिद्ध झालंय' एवढंच पाठ असतं. खरंतर आपल्या खान्देशाला यात मिरवायला जागा आहे आणि कुणाला पत्ताच नाही. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, आणि त्याच काळात अमळनेरला शिक्षक असलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढं स्वामी कुवलयानंद झाले. योगाबद्दल जे सांगतात ते खरं का हे मशीन लावून तपासायचं त्यांच्या डोक्यात आलं, उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना आत काय होतं हे बघायला त्यांनी एक्स-रे वापरला, 1924 ला लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी योग-मीमांसा नावाचं जर्नल सुरू केलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी. मोजून बघा आणि जे निघेल ते छापा, एवढीच वृत्ती घ्यायचीय, बाकी काही अवघड नाही.

काय निघालंय ते सांगते. 2014 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये 47 चाचण्या एकत्र करून, साडेतीन हजार माणसांचा हिशोब करून एक आढावा आला. चिंता, डिप्रेशन आणि दुखणं यात मध्यम दर्जाचा पुरावा की फायदा होतो, पण तो फायदा छोटा ते मध्यम, आणि औषध, व्यायाम किंवा दुसऱ्या थेरपीपेक्षा ध्यान जास्त चांगलं असा पुरावा नाही. झोप, वजन, लक्ष लागणं यांचा पुरावा तर कमीच किंवा नाहीच. मग 2022 मध्ये आणखी एक चाचणी आली, चिंतेचा आजार असलेली 276 माणसं, अर्ध्यांना एमबीएसआर आणि अर्ध्यांना एस्सिटॅलोप्राम ही चिंतेवरची गोळी, आठ आठवड्यांनी दोन्हीकडं जवळपास सारखा फरक. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर 'ध्यान गोळीइतकंच भारी' अशी फिरली, पण त्यातल्या माणसांना रोज घरी पाऊण तास करायला सांगितलं होतं आणि शिकवणारे तयार होते हे कुणी लिहिलं नाही. म्हणून कुणालाही, कधीही, चालू गोळी बंद करायला सांगायचं नाही. तो डॉक्टरचा विषय.

मेंदूचं पण तसंच. 2005 मध्ये सारा लाझार यांनी 20 अनुभवी साधकांच्या मेंदूचे स्कॅन काढले, काही भागात जाडी जास्त दिसली. तेव्हापासून प्रत्येक बॅनरवर मेंदूचं चित्र. पण ते साधक वर्षानुवर्षं बसणारे होते, आधीपासूनच तसे होते की ध्यानानं झाले हे त्यातून कळत नाही. 2022 ला दोन चाचण्या एकत्र करून बघितलं तर आठ आठवड्यांच्या कोर्सनं मेंदूच्या रचनेत फरक दिसलाच नाही. आणि मास्तर लोकांसाठी खास, ब्रिटनमध्ये आठ हजारांवर मुलांवर शाळेत माइंडफुलनेस शिकवण्याची मोठी चाचणी झाली, 2022 ला निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांना काही वेगळा फायदा झाला नाही. म्हणून पाचवी-सहावीच्या पोरांना परिपाठात दहा मिनिटं डोळे मिटून बसवायचा आग्रह असेल तर जरा थांबा, त्या वेळात ग्राउंडवर सोडलं तर काय बिघडतं.

कुठलाही स्टडी हातात आला की बघायचं काय? किती माणसं होती, तुलना कुणाशी केली (काहीच न करता वाट बघत बसलेल्यांशी केली तर कशानंही फरक दिसतो), किती जणांनी मधेच सोडलं, आणि माणसं कोण होती. बहुतेक वेळा ती माणसं अमेरिकेतली किंवा युरोपातली, शिकलेली, पगारदार. सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावरची बाई त्यात नसते. म्हणून 'संशोधनात दिसलंय' म्हणताना कुणामध्ये दिसलंय ते पण सांगत जा.

त्रासाचं बोलायलाच पाहिजे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या लोकांनी 2017 ला साधकांच्या मुलाखती घेऊन छापलं की भीती, झोप उडणं, जुन्या आठवणी उसळणं, आपण आपल्यात नाही असं वाटणं, हे सगळं ध्यानात होऊ शकतं आणि काहींना बराच काळ टिकतं. आपल्याकडं तर घरात आत्महत्या झालेली कुटुंबं आहेत, मार खाणाऱ्या बाया आहेत. अशा माणसाला 'डोळे मिटा आणि आत जा' म्हटलं की आत काय बसलंय ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी सांगायचं की डोळे उघडे ठेवले तरी चालेल, उठून बाहेर गेलात तरी चालेल, विचारणार नाही. श्वासानं कुणाचा जीव घाबरत असेल, दमा असेल, तर श्वासाकडं लक्ष देणं सोडून द्या, पायाचे तळवे फरशीला टेकलेत तिकडं लक्ष द्या, नाहीतर बाहेरचे आवाज ऐका, नाहीतर अंगणात हळू चाला. कुणी रडायला लागलं तर थोडं थांबा, थांबत नसेल तर डोळे उघडायला सांगा, पाणी द्या, बाजूला बसा, खोदून विचारू नका आणि देवाशपथ 'पूर्वजन्मीचं काहीतरी निघतंय' असलं बोलू नका. ज्यांना आधी भ्रम झाला होता, आवाज ऐकू येतात, ज्यांचा मूड टोकाला जातो, त्यांना बऱ्याच दिवसांच्या मौन शिबिराला पाठवायचं नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञ. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आणि टेली-मानसचा 14416 नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता सामाजिक न्याय, ज्याच्यासाठी खरंतर मी हे लिहायला बसले. बरेच जण म्हणतात ध्यानात कुठं राजकारण आणता. मी एक प्रसंग सांगते. अमळनेरच्या बाजूच्या एका गावात समाज मंदिरात संध्याकाळी कापूस वेचणाऱ्या बायांचा ग्रुप बसायचा, दिवसभराच्या वेचणीनंतर. त्या दिवशी हाताकडं लक्ष द्यायचा सराव होता, एकेक बोट, नखाची कड, तळवा. आता वेचणीच्या दिवसात बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं फाटलेली असतात, नखाशेजारी काळे ओरखडे, कुणी चिंधी गुंडाळलेली. शहरातल्या क्लासमध्ये या सरावाला 'छान मुंग्या आल्या' म्हणतात, इथं बाया म्हणाल्या की आग होते. तरी बसल्या. शेवटी विचारलं कसं वाटलं, तर एक म्हणाली मले झोप लागी गयी, सगळ्या हसल्या, आणि मागून एक आजी म्हणाली, "ताई, मन ते शांत झायं, पन काटा खोटा शे त्यानं काय?"

काटा म्हणजे कापूस तोलायचा वजनकाटा. वेचणी किलोवर असते. वजनात मारलं की मजुरी मारली. आता इथं तुम्ही शिक्षक म्हणून काय बोलता त्यात तुमचं सगळं ट्रेनिंग आलं. 'आजी, जे आहे ते स्वीकारा' म्हणालात तर तुम्ही मालकाचं काम फुकटात केलं. तणाव तिच्या मनातून आलेला नाही, काट्यातून आलाय. ध्यानानं तिला रात्री झोप लागेल, भांडायला जाताना आवाज थरथरणार नाही, हे चांगलंच आहे, पण काटा तपासायला माणूस लागतो. वजनमापं तपासायला सरकारचे वैधमापन निरीक्षक असतात, तक्रार करता येते, आणि एकटीनं नाही तर दहा जणींनी मिळून करता येते. बाईला कोर्टकचेरीची मदत फुकट मिळते, उत्पन्नाची अट नाही, तालुक्याला विधी सेवा समिती असते आणि 15100 नंबर आहे. हे सगळं तुम्हाला माहीत असलं पाहिजे. मोर्चा तुम्ही काढा असं म्हणत नाहीये, पण कुठं जायचं हे सांगता आलं पाहिजे आणि त्यांना थंड करायचं नाही एवढं तरी.

आणि हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही. आपल्याकडंच बघा. 1930 च्या दशकात तळोद्याकडं गुला महाराजांच्या आरतीला भिल्ल लोक हजारोंनी जमायचे, दारू सोडायचे, एकमेकांना 'आप की जय' म्हणायचे. शहाद्याचे अंबरसिंग महाराज, भजनी मंडळं चालवणारा माणूस, त्याच माणसानं 1970 च्या सुरुवातीला बळकावलेल्या जमिनी आणि मजुरी यासाठी आदिवासींना उभं केलं, 1972 ला श्रमिक संघटना झाली आणि तिथल्या बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. अमळनेरच्या साने गुरुजींनी पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून 1947 ला उपोषण केलं. धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब राहून गेले म्हणून दर 31 जुलैला तिथं माणसं जमतात, एकदा जाऊन या, कोर्सच्या फीपेक्षा जास्त शिकाल. अंतर्मुख होणं आणि अन्यायावर बोलणं यात भांडण आहे असं या मातीत कुणाला वाटत नव्हतं, ते भांडण पॉश क्लासवाल्यांनी लावलंय.

म्हणून ट्रेनिंगचा एक भाग म्हणून हे करा, कुठल्याच कोर्समध्ये हे शिकवत नाहीत. तुमच्या गावात क्लास कुठं भरवला तर कोण येणार नाही याची यादी काढा. देवळाच्या सभामंडपात घेतला तर मुसलमान बाया येणार नाहीत, भीमनगरातल्या येतीलच असं नाही. पाटलांच्या वाड्यात घेतला तर मजूर येईल पण मोकळा बसेल का? झेडपीची शाळा, वाचनालय, समाज मंदिर बरं पडतं. वेळ पहाटे पाचची ठेवली की बाया गेल्याच, त्या वेळी चूल आणि पाणी असतं. खाली बसायची सक्ती नको, गुडघे गेलेल्यांना खुर्ची द्या. मे महिन्यात भुसावळला पंचेचाळीसच्या वर पारा असताना पत्र्याखाली ध्यान म्हणजे शिक्षा, गच्चीवर सकाळी घ्या नाहीतर सरळ सुट्टी द्या. बघा पाणी कोण भरतं, चहा कोण करतं, सतरंज्या कोण उचलतं, दर वेळी तीच माणसं असतील तर ते मोडा. आणि ग्रुपमध्ये बोललेलं पारावर जाता कामा नये, गाव छोटं असतं, संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर असतं.

सूचना बोलीत, आपल्या अहिराणीत द्या. "डोया उघडा ठेवात तरी चाली" म्हटलं की माणूस जसा सैल होतो तसा छापील मराठीत होत नाही. सातपुड्यात वर गेलात तर पावरी-भिली येणारा सोबती पाहिजेच, नुसत्या झूमवरून मोलगीला शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, तिकडं रेंजही नसते.

सराव कसा करायचा? दहा मिनिटांची सूचना मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्यावर बसा. लगेच कळतं की आपण किती बडबडतो, किती वेळा 'शांत व्हा' म्हणतो. शांत व्हा हे काढूनच टाका, कुणी सांगून शांत होत नाही. मधे गप्प राहायला शिका, सुरुवातीला पंधरा सेकंद पण फार वाटतात. मग दोन मित्र, घरातलं एखादं, मग चार-पाच जण. नंतरच्या गप्पा जास्त अवघड असतात, तिथं उपदेश सुचतो. कुणी म्हणालं कंटाळा आला तर 'कंटाळा कुठं जाणवला, कसा होता' एवढंच विचारा आणि पुढं जा. एखादा अनुभवी शिक्षक महिन्यातून एकदा तुमचं ऐकून घेईल अशी सोय लावा, इगतपुरी-नाशिक-पुणे कुठलाही चालेल, फोनवर चालेल, पण कुणीतरी पाहिजे, नाहीतर सहा महिन्यात आपण स्वतःला बाबा समजायला लागतो आणि आजूबाजूचे पाया पडायला तयारच असतात.

पैसे. फुकटच करा असं मी म्हणणार नाही, पोट सगळ्यांना आहे. बँक-ऑफिसवाल्यांची बॅच पूर्ण फीची ठेवा, त्यातून मजूर बायांची बॅच चालवा, दोघांना शिकवणं मात्र सारखंच. दानपेटी ठेवली तर ती कोपऱ्यात, कुणी किती टाकलं हे दिसता कामा नये. बॅनरवर 'शुगर घालवा, बीपी घालवा' लिहू नका. असले आजार घालवणाऱ्या औषधांच्या आणि जादुई उपायांच्या जाहिराती 1954 च्या कायद्यानं गुन्हा आहेत, आणि चमत्काराचे दावे केलेत तर महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा पण आहे.

पहिली बॅच दहा-बारा जणांचीच घ्या, आठ आठवडे, शक्यतो दोघांनी मिळून शिकवा म्हणजे कुणी उठून बाहेर गेलं तर एक जण मागं जाऊ शकतो. दर आठवड्याला कोण आलं नाही ते लिहा आणि का आलं नाही ते शोधा, गावकीचं कारण असेल तर ते तुमचं काम आहे. शेवटच्या आठवड्यात पाच मिनिटांची सूचना त्यांच्यातल्याच एखादीला द्यायला सांगा, ज्या वस्तीत शिकवता तिथली. जमलं तर पुढच्या बॅचला तिला शेजारी बसवा, तिचा एसटीचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्या, आणि कोर्सला पाठवायची वेळ आली की सवलतीचा अर्ज तिच्या नावानं करा.